धुरीवरचे दोन दिवे

ता. ८ मे १८८७, रविवार. सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

ही वेळ स्टेशनावरच्या घड्याळाची आहे. ते मद्रासच्या वेळेवर चालते, म्हणून कल्याणच्या सूर्याप्रमाणे पावणेसहाचा सुमार धरावा. पाखऱ्या बैलाच्या सुजलेल्या खांद्याला हळद आणि तेल चोळत होतो. हात पुसून लिहायला बसलो तरी वहीच्या कोपऱ्याला पिवळा डाग पडलाच.

पहाटे उठून शीळ गावी पायी जाऊन आलो. माझी धाकटी बहीण आवडा तिथे दिली आहे. पहिलटकरीण. सातव्या महिन्यात तिला आणायची, तर आमच्या आळीत देवी आल्या होत्या. आठव्यात पोटुशीला हलवीत नाहीत. आता नववा लागला. सासरी बाईमाणूस कोणी नाही. सासूबाई वारल्या, दाजी ठाण्याच्या कचेरीत असतात ते महिन्यातून एकदा येतात. उरले सासरे गुणाजीमामा आणि दोन म्हशी.

मी म्हटले, “मामा, आवडाला कधी नेऊ?”

“उन्हात माझी सून गाडीत घालणार नाही. वैशाख आहे.”

“मग रात्री नेतो.”

“काळोखात? निळज्याच्या उतारावर गेल्या साली दिवेलागणीला गाडी उलटली. माणूस वाचला, बैल गेला.”

“मग कधी?”

“दिवसा ऊन नसेल तेव्हा ने. नाहीतर रात्री अंधार नसेल तेव्हा ने. माझी दोन्हीला ना नाही.”

दाराआड आवडा हसली. मला हसू आले नाही. काल पौर्णिमा झाली. पाखऱ्याचा खांदा धड असता तर चांदण्यातच आणली असती. आता खांद्याची सूज उतरायला आठ दिवस, तोवर रात्री काळ्या होतील.

आईला सांगितले तेव्हा ती चुलीपुढे बसून रडली. “पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. आणि तिथं तिला गरम पाणी तरी कोण देईल? ते मामा?”

बाबा असते तर काहीतरी तोड काढली असती. बाबा गेल्यापासून छपराची दमणी गाडी, बैल आणि सगळी काळजी माझ्याकडे आली. दमणी आणि बैल मला हाकता येतात.

ता. १० मे, मंगळवार.

रात्रभर विचार केला. गुणाजीमामांनी नकार दिलेला नाही, अट घातली आहे. रात्री अंधार नसेल तेव्हा. म्हणजे अंधार घालवला की झाले.

रेल्वेच्या जुन्या सामानाच्या लिलावात दोन दिवे मिळाले. पुढे जाड फुगीर काच, मागे आरसा, पोटात घासलेट. एकाची काच तडकलेली. तीन रुपये दिले. आईला किंमत सांगितली नाही. तिने विचारलीही नाही, फक्त दोन्ही दिवे पदराने पुसून ठेवले.

ता. १२ मे, गुरुवार.

आळीतल्या भाऊ तांबटांनी दिवे दमणीच्या पुढच्या फळीवर, माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या बाजूला बसवून दिले. पाखऱ्याची सूज अंदाजापेक्षा लवकर उतरली होती, म्हणून जू हलके बांधले आणि रिकामी गाडी शेणाळे तळ्याकडे नेली. दिवे लावले.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. दिवे बैलांच्या मागे, आणि बैल उजेडाच्या वाटेत. समोरच्या रस्त्यावर दोन अजस्र काळे बैल उभे राहिले. शिंगे चिंचेच्या झाडाएवढी. पाखऱ्याने मान हलवली, त्या काळ्यानेही हलवली. मग आमचे दोन्ही बैल, जे आगगाडीच्या शिट्टीला भीत नाहीत, ते शेपट्या वर करून तळ्यात शिरले. गाडी, मी आणि भाऊ कमरेइतक्या पाण्यात.

भाऊ म्हणाले, “रस्ता दिसावा म्हणून दिवे लावलेस, आणि बैलांना यमाचा रेडा दाखवलास.”

धुणे धुणाऱ्या बायका अजून हसत असतील.

ता. १३ मे, शुक्रवार.

दिवे बैलांच्या पुढे हवेत हे उघड आहे. सकाळी जुवावर बांधून पाहिले. बैल पाऊल टाकतो तसे जू डुलते, दिवा डुलतो, घासलेट हिंदकळते आणि ज्योत मरते. शंभर पावलांत एक दिवा सात वेळा व दुसरा नऊ वेळा मालवला. मोजून ठेवले आहे, त्याचा उपयोग काय ते माहीत नाही.

दुपारी आई माळ्यावरचा पाळणा काढून दोऱ्या तपासत होती. आत उशी ठेवून तिने झोका दिला. कड्या करकरत होत्या, दांडा हलत होता, पण पाळण्याचा तळ कलंडत नव्हता. मी तसाच अनवाणी भाऊंकडे धावलो.

भाऊंनी सगळे ऐकून घेतले. धुरीच्या, म्हणजे गाडीच्या लांब दांड्याच्या टोकाला, जुवाच्याही पुढे, हातभर लोखंडी पट्टी. तिच्यावर आडवी पट्टी. तिला दोन कड्या, आणि कडीत दिवा असा टांगायचा की गाडी कशीही हेलकावली तरी तो आपल्या वजनाने उभा राहील. खाली शिशाचा गोळा.

“दिवा बसवतोस का बाळ निजवतोस रे?” भाऊ म्हणाले. पण भट्टी पेटवली.

मी म्हटले, “स्क्रू नकोत, रिवेटी ठोका. वाटेत सुटले तर?”

“आणि कधी काढायचे झाले तर?”

“काढायचे कशाला?”

नऊ रिवेटी ठोकल्या. कड्यांनाही ठोकल्या. ‘रिवेट’ हा शब्द कसा लिहावा ते भाऊंना विचारले. ते म्हणाले, “आम्ही ठोकतो, लिहीत नाही.”

ता. १४ मे, शनिवार.

पाळण्याची युक्ती साधली! बैलांच्या नाकापुढे उजेड, सावल्या मागे. ज्योत हलत नाही. वीस पावलांवरचा दगड दिसतो, दगडाखालचा विंचूही दिसेल. मी आनंदाने आईला अंगणात बोलावले.

आई पाहत राहिली. मग म्हणाली, “शीळ कुठल्या दिशेला रे?”

“दक्षिणेला.”

“म्हणजे ह्या दिव्यांची तोंडं दक्षिणेकडे होणार.”

हे मला सुचायला हवे होते. दक्षिणेकडे तोंड करून दिवा फक्त यमाला लावतात, तोही धनत्रयोदशीला.

“माझ्या पोटुशा लेकीला आणायला यमाचे दिवे लावून जाशील? एक नाही, दोन?”

तासभर वाद झाला. म्हणजे ती बोलत होती. शेवटी तोड निघाली ती अशी: जाताना दुपार कलल्यावर निघायचे, उजेडी शीळ गाठायचे, दिवे लावायचे नाहीत. येताना तोंड उत्तरेकडे, तेव्हा लावायला हरकत नाही. आईने मला दिव्यांची शपथ घ्यायला लावली. दिव्यांचीच शपथ दिव्यांबद्दल चालते का, हे मी विचारले नाही.

ता. १५ मे, रविवार.

टिटवाळ्याच्या रस्त्याला चाचणी. रस्ता ईशान्येचा, म्हणून आईची परवानगी होती. बैलांनी उत्तम काम केले. अडचण माणसांची झाली. दिवेलागणीला दिवा दिसला की आपली माणसे हात जोडतात. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून, डोळे मिटून हात जोडू लागली. एक म्हातारी दोन दिवे म्हणून दोनदा नमस्कार करीत होती आणि पाखऱ्याचे नाक तिच्या पदराला लागले तरी हलेना.

भाऊ गाडीतून ओरडले, “आजीबाई, नमस्कार पोचला! बाजूला व्हा!”

पुढे मीही तसेच ओरडू लागलो. घसा बसला आहे, पण फार बरे वाटते. इतके बरे वाटणे चांगले नसते असे आपले मला वाटते.

ता. १६ मे, सोमवार. शीळ.

दिवे न लावता उजेडी पोचलो. शपथ पाळली. गुणाजीमामांनी दिव्यांभोवती तीन फेऱ्या घातल्या, पट्टी हलवून पाहिली, ती हलली नाही. “मी बरोबर येतो,” म्हणाले. “दिवे गेले तर गाडी तिथेच सोडीन, आणि सून परत आणीन. पाठीवर.”

शेजारची एक बाई सोबत येणार होती, तिला थंडी-ताप आला.

आवडाला माझ्या दिव्यांचे फार कौतुक. सकाळपासून चारदा विचारले म्हणे, गोपीदादा कधी येणार. आता मी लिहितो आहे तर ती खांबाला पाठ लावून उभी आहे, खाली बसत नाही. “किती वेळ लागेल रे?” “चार तास.” “तीनात नाही होणार?” जेवलीही नाही. मी म्हटले, “बरं वाटत नाही का?” तर मामा आत गेले की नाही ते पाहून हळूच म्हणाली, “गप. काही बोलू नकोस. मला आईकडे जायचंय.” चेहरा लाल झाला होता. माहेरची ओढ किती असते!

दिवे पुसले. वाती कातरल्या. निघतो.

ता. १७ मे, मंगळवार. निळजे, हौसाबाईच्या अंगणात, दुपार.

क्रमाने लिहितो.

शीळ सोडले तेव्हा पूर्ण काळोख. दिवे लावले. मामा माझ्या शेजारी, आवडा मागे गादीवर. मी तिला रस्त्यातले सगळे सांगत होतो: हा ओहोळ, हे बांधाचे टोक, हा साळिंदर पळाला. ती काही बोलेना. मधून मधून दात आवळून हुंकार देई. मला वाटले ऐकते आहे.

निळज्याच्या उतारावर उजेडात एक मोठी धोंड दिसली, बरोबर चाकोरीत. मी खाली उतरलो, बैल बाजूने काढले. मामांनी धोंडीकडे पाहिले, मग दिव्यांकडे. “हं,” म्हणाले. एवढेच. पण मी तो ‘हं’ जन्मभर विसरणार नाही असे ठरवीत होतो, इतक्यात आवडाने माझा सदरा मागून असा ओढला की गुंडी तुटली.

“दादा, थांबव. नाही जमत आता.”

मी म्हटले, “तहान लागली का?”

मामा म्हणाले, “अरे गाढवा!” आणि उडी टाकून समोरच्या झोपड्यांकडे धावत सुटले. पासष्ट वर्षांचा माणूस.

त्यांनी हौसाबाईला उठवून आणले. आगरी बाई, खांद्याने माझ्याहून रुंद. तिने दमणीत डोकावून आवडाच्या पोटावर हात ठेवला.

“कवाधरना दुखतंय गो?”

“सकाळपासून,” आवडा म्हणाली.

सकाळपासून! मी तिला साळिंदर दाखवीत होतो.

“उतरव तिला,” हौसाबाई मला म्हणाली. “ही आता कल्यानला नाय जाची.”

आवडा रडू लागली. दुखण्याने नव्हे. “मला माहेरी जायचं होतं. एवढ्यासाठीच गप्प राहिले ना मी.”

“रर नंतर,” हौसाबाई म्हणाली. “आधी चल.”

तिला आत नेले. लगेच हौसाबाई बाहेर आली. “घरान कालोख हाय. माजी चिमनी मेली उंदराच्या डोल्यावानी. तुजं दिवं आन आत!”

मी म्हटले, “ते निघत नाहीत.”

“निंघत नाय म्हंजे?”

“रिवेटी ठोकल्यात. नऊ.”

तिने कपाळावर हात मारून घेतला. “मंग गारीच आन!”

आणि आणली. बैल सोडले, शेजारच्या चार माणसांनी चाके ढकलली, धुरी दारात शिरली. आडवी पट्टी चौकटीतून दोन बोटे राखून आत गेली. पण उंबरठा उंच, जमीन खाली. टेकण लावले तर दिवे फक्त उंबरठा उजळीत. उचलून धरल्याशिवाय उजेड आत पडेना. म्हणून जुवाच्या एका बाजूला मी शिरलो आणि दुसऱ्या बाजूला गुणाजीमामा. दोघांच्या पाठी दाराकडे, माना खाली, जू खांद्यावर. बैल समोर बसून आमच्याकडे पाहत रवंथ करीत होते.

आतून हुकूम येत होते. “वर घे! अरे वर! आता ऱ्हाव दे!”

खांदे हलले तरी दिवे कड्यांत झुलत उभेच राहिले, ज्योत एकदाही मालवली नाही. हे मागे वळून पाहिलेले नाही. समोरच्या कुंपणावर दारातून उजेड पडत होता त्यावरून कळले.

बराच वेळ गेला. मामा म्हणाले, “गोपीनाथ, तू पाखऱ्याच्या बाजूला आहेस की ढवळ्याच्या?”

“पाखऱ्याच्या.”

“तरीच खांदा टाकतोस.”

मी खांदा सरळ केला. आवडा ओरडली. मामांनी डोळे मिटले आणि पुटपुटले, “रखमे, बघ गं.” रखमा कोण ते मी विचारले नाही. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारले, “नऊ म्हणालास ना?”

“नऊ.”

“पक्क्या आहेत?”

“आहेत मामा.”

“बरं झालं.”

चंद्राची कोर झाडांवर आली, म्हणजे दीड-दोनचा सुमार, तेव्हा आतून रडण्याचा आवाज आला. बारीक आणि रागावलेला. आम्ही दोघेही सरळ उभे राहिलो, जू वर गेले, आणि हौसाबाई ओरडली, “आरं, छपराला आग लावतंव का? लक्षुमी आलीय!”

मामा रडत होते. मीही. जू सोडता येईना, म्हणून डोळे कोणालाच पुसता आले नाहीत.

मग बैल जुंपून एकटा कल्याणला गेलो. बैल असे कधी चालले नव्हते. चार वाजता दार ठोठावले. आई कडी काढून उभी राहिली, माझ्यामागे पाहिले, गाडी रिकामी. ती भिंतीला धरून खाली बसली. मी घाईने म्हटले, “मुलगी झाली! निळज्याला! दोघी सुखरूप!” हे आधी, दाराबाहेरूनच ओरडायला हवे होते. माझे चुकले.

आईने पदर खोचला. डिंकाचे लाडू, जुनी लुगडी आणि शेगडी बांधली. पाळणासुद्धा उचलून गाडीत ठेवला. ती चढली तेव्हा मी पुढे जाऊन दिवे मालवू लागलो.

“काय करतोस?”

“आई, निळजे दक्षिणेला आहे. तोंड...”

“माझी नात कुठे आहे?”

“दक्षिणेला.”

“मग दिव्यांची तोंडं काय उत्तरेकडे करायची? हाक!”

वाटेत पहाटे कामाला निघालेली माणसे हात जोडून उभी होती. आईच ओरडत होती, “पोचला नमस्कार! मुलगी झाली! सरका!”

ता. २९ मे, रविवार. कल्याण.

बारा दिवस लिहिले नाही. ओल्या बाळंतिणीला हलवू नये म्हणून आई निळज्यालाच राहिली. आई आणि हौसाबाई यांचे पहिले तीन दिवस पटले नाही. बाळाला तेल कोणते लावावे यावर भांडल्या. चौथ्या दिवशी दोघींनी मिळून मला पाणी उशिरा आणले म्हणून बोल लावला, तेव्हापासून गूळपीठ आहे.

काल तिथेच बारसे झाले. भाऊ तांबट आपल्या खर्चाने आले आणि सगळ्यांना रिवेटी मोजून दाखवीत होते. दाजी ठाण्याहून आले. मुलीचे नाव रखमा ठेवले. ते मामांच्या वारलेल्या मंडळींचे, आवडाच्या सासूबाईंचे नाव, हे मला कालच कळले. ओटी आईने भरली, आणि मागोमाग हौसाबाईनेही भरली. आवडा दोघींच्या पाया पडताना कोणाला जास्त वाकली ते मी पाहत होतो. सारखीच वाकली.

आज सगळ्यांना घेऊन घरी आलो. मामा दोन दिवस राहणार आहेत. हिशेब:

दोन दिवे, लिलावात: रु. ३-०-०
तडकलेल्या काचेऐवजी काच: रु. ०-६-०
पट्ट्या, कड्या, नऊ रिवेटी, मजुरीसह: रु. २-४-०
शिसे: रु. ०-३-०
घासलेट व वाती: रु. ०-९-०
एकूण खर्च: रु. ६-६-०

पैकी भाऊ तांबटांचे देणे राहिले: रु. १-२-०

गुणाजीमामा घासलेटचे निम्मे पैसे देतो म्हणतात, पण जू वाहिल्याची अर्ध्या रात्रीची मजुरी वजा घालून. तसे केले तर मीच त्यांचे देणे लागतो. तंटा चालू आहे, सबब मांडलेले नाही.

निळज्याहून निघताना हौसाबाईने गाडीत घातलेले: तांदूळ एक फरा माप, सुके बोंबील, एक कोंबडी, आवडाला खण. तिच्या कष्टांबद्दल लुगडे मी द्यायला गेलो तर घेतले नाही. हे सर्व मी देणे म्हणून नीट ओळीने लिहिले होते. आई वाकून वाचीत होती. तिने बोट ठेवले आणि ती ओळ खोडायला लावली. म्हणाली, “माहेरून आलेलं कोणी मांडून ठेवतं का?”

खोडली. बाकी देणे, भाऊ तांबट, एक रुपया दोन आणे.